तिन्हींची सरासरी

टेस्टरला खोटं बोलता येत नाही, असं त्याची ताई सगळ्या हॉस्पिटलला सांगत असे. लहानपणी याच्या हातून कप फुटला की कुणी विचारायच्या आधी हा तुकडे हातात घेऊन समोर उभा राहायचा म्हणे. आता बेचाळीस वर्षांचा घोडा झाला, डोक्यावरचे केस विरळ झाले, तरी ताईचं हे पालुपद काही थांबलं नव्हतं. आणि याला ते आवडायचं. कुणाला आवडणार नाही?

टेस्टर म्हणजे त्या साठ खाटांच्या हॉस्पिटलचा वायरमन. शर्टाच्या खिशाला बारा महिने टेस्टर अडकवलेला, म्हणून नाव टेस्टर. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं. ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी, त्याच हॉस्पिटलात नवजात बाळांच्या वॉर्डाची मोठी सिस्टर. आई लवकर गेली, तेव्हा याला न्हाऊमाखू घालण्यापासून वायरमनच्या कोर्सला बसवण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. राहायलाही एकाच इमारतीत, ती वर एकटी, हा आणि याची बायको खाली. ती त्याला छोट्या म्हणायची, चारचौघांतसुद्धा.

तर त्या वर्षी हॉस्पिटलला नवा मीटर बसला. नुसता युनिट मोजणारा नव्हे. तळहाताएवढा पडदा, खाली चार बटणं, आणि लाईनचा दाब कमीजास्त झाला की लगेच बोंब मारणारा. बाहेरून येणारी लाईन तीन फेजची, म्हणजे तीन तारांची असते, लाल, पिवळी आणि निळी. लालवर लिफ्ट, एक्सरे आणि धुण्याची मशिनं, पिवळीवर बाकीचे वॉर्ड, आणि निळीवर ताईचा बाळांचा वॉर्ड. एकेका फेजला दोनशेतीसच्या आसपास व्होल्ट हवेत. टेस्टरनं पुस्तक मांडीवर घेऊन, जीभ दातांत धरून, मीटरला सांगून ठेवलं होतं की दोनशेसातच्या खाली गेलं किंवा दोनशे त्रेपन्नच्या वर गेलं, की वाजायचं. तिन्ही फेजचं वेगवेगळं. एक भोंगा पॅनलच्या खोलीत, एक ताईच्या वॉर्डात.

आणि तो वाजला. दिवसातून चाळीस वेळा वाजला. लिफ्ट सुरू झाली की लाल फेज क्षणभर दबायची, दोनशेवर यायची आणि लगेच सावरायची. लिफ्ट काय, पाहुणे वर गेले की वाज, खाली आले की वाज. आठ दिवसांत सगळ्यांचं डोकं उठलं. मॅनेजर पॅनलच्या खोलीत येऊन म्हणाले, "हे वाजणं तरी बंद होईल नाहीतर तुझं इथलं येणं तरी." त्याच दुपारी ताईनंही जिन्यात गाठलं. "छोट्या, त्या भोंग्याला जरा गप्प कर की रे. लेकरं दचकतात."

नीट उपाय टेस्टरला ठाऊक होता. लिफ्टचा झटका दोन सेकंदांच्या आतबाहेर असतो. मीटरला सांगायचं, तीन सेकंद थांब, तोवर सावरलं तर ठीक, नाहीतर वाज. पण हे तिन्ही फेजना, खालच्या आणि वरच्या हद्दीला, म्हणजे सहा ठिकाणी भरायचं, दर वेळी पासवर्ड टाकायचा, आणि ती चार बटणं अशी की एक अंक चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्या तासाचं काम. मॅनेजर दारात घड्याळ बघत उभे. आणि पडद्यावर तेवढ्यात एक सोपी ओळ दिसली, 'तिन्ही फेजची सरासरी'. एक बटण दाबलं की काम तमाम. लाल थोडी दबली तरी बाकीच्या दोघी सांभाळून घेणार, सरासरी काही दोनशेसातच्या खाली जायची नाही. दाबलं त्यानं. लिफ्ट वर पाठवली, खाली आणली. मीटर गप्प. मॅनेजर खूश.

उद्या सावकाश बसून नीट करू, असं तो मनाशी म्हणाला. तो उद्या चार महिने उजाडला नाही. ताई मात्र संध्याकाळी म्हणाली, "शहाणं रे माझं पोर ते," आणि याची छाती फुगली.

गुरुवारी दुपारी तीन-साडेतीनला ते घडलं. बाळांच्या वॉर्डात चार वॉर्मर होते, त्या दुपारी चालू एकच. वॉर्मर म्हणजे बाळाला ऊब देणारा उघडा पाळणा, वरून तापणारी पट्टी, बाजूला छोटा पडदा, काही बिघडलं तर वाजणारी शिट्टी. दुसऱ्या वॉर्मरवर दीड किलोची एक पोर होती, पाच दिवसांची. आईनं घातलेले मोजे तिला गुडघ्यांपर्यंत यायचे, म्हणून वॉर्डात तिचं नाव मोजेवाली. ताई शेजारच्या खोलीत एका अवघड बाळंतपणाला धावली होती. तिथून परतायला पाऊण तास लागला. परत आली तर वॉर्मर गार, पडदा काळा, शिट्टी मुकी आणि मोजेवालीचे ओठ निळे. ताईनं तिला छातीशी, कपड्यांच्या आत घेतलं आणि तशीच अँब्युलन्सपर्यंत पळाली. मोठ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत पोर तगली. पुढचं कुणी सांगेना.

त्याच संध्याकाळी मॅनेजरांनी टेस्टरला विचारलं, "लाईनला काही झालं होतं का?" टेस्टरनं मीटरची यादी उघडली. आज किती वेळा वाजला? एकदाही नाही. "लाईन ठणठणीत होती साहेब," तो म्हणाला. आणि हे लक्षात ठेवा, तो तेव्हा खोटं बोलत नव्हता.

मग मशिनवाल्या कंपनीचा माणूस आला. त्यानं वॉर्मर उघडला, वरवर टॉर्च मारून पाहिला आणि म्हणाला, आतला फ्यूज उडालाय, पण फ्यूज उडाला तरी बॅटरीवर शिट्टी वाजायला हवी होती. नाही वाजली म्हणजे कुणीतरी तिचा आवाज बंद केला असणार. शिट्टी बंद करायचं बटण असतंच. बाळाला उचललं, पुसलं, दूध पाजलं की ती उगीच वाजते, म्हणून सिस्टर लोक आधी ते दाबतात आणि काम झालं की पुन्हा सोडतात. ताईचा हात दिवसातून पन्नास वेळा त्या बटणावर जायचा. बावीस वर्षं जात होता. सोमवारी अकरा वाजता मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत चौकशी ठरली.

शुक्रवारी सकाळी टेस्टर स्टोअरमध्ये बल्ब आणायला गेला, तेव्हा वहीत सही करताना त्याचा हात थांबला. कालही त्यानं दोन बल्ब नेले होते. बाळांच्या वॉर्डाबाहेरच्या पॅसेजमधले दोन्ही बल्ब एकदम उडाले होते आणि यानं शिट्टी मारत नवे बसवले होते. दोन बल्ब एकदम कसे उडतात?

तो पॅनलच्या खोलीत गेला, दार लावलं आणि मीटरची दुसरी यादी उघडली. वाजलं की नाही याची नव्हे, दिवसभरात कुठला आकडा किती वर आणि किती खाली गेला याची. गुरुवार, तीन वाजून वीस मिनिटं. लाल एकशेऐंशी. पिवळी दोनशे बावीस. निळी दोनशे एक्याण्णव. आणि सरासरी, त्यानं दोनदा बोटांवर करून पाहिली, दोनशे एकतीस. अगदी हवी तशी.

न्यूट्रलची तार सैल पडली की असंच होतं. तिन्ही फेजना धरून ठेवणारी ती चौथी तार. ती सुटली की ज्या फेजवर जास्त भार ती खाली बसते आणि हलकी फेज उसळते. एक बुडते, एक उडते, आणि सरासरी साळसूदपणे जागच्या जागी. निळीवरच्या वॉर्मरमध्ये दोनशे एक्याण्णव व्होल्ट घुसले, त्यानं फ्यूज खाल्ला आणि शिट्टीचा बोर्डही जाळला. शिट्टीचं बटणबिटण कुणी दाबलेलंच नव्हतं. आणि निळीचा भोंगा जर आधीसारखा वेगळा लावलेला राहिला असता, तर शेजारच्या खोलीत ताईला ऐकू गेला असता. भिंत पातळ होती.

आता कुणी म्हणेल, सरळ उठायचं आणि जाऊन सांगायचं. तोच तर म्हणे कप फुटल्यावर तुकडे घेऊन उभा राहणारा. पण फुटलेला कप वेगळा आणि निळ्या ओठांची पोर वेगळी. पोर गेली तर? पोलिसात गेलं तर? टेस्टरची पाचावर धारण बसली. त्यानं मॅनेजरांकडून दहा मिनिटं लाईन बंद करायची परवानगी काढली, "पॅनल साफ करायचंय" म्हणून. न्यूट्रलचा बोल्ट बोटानं फिरत होता. तारेच्या टोकाची तांब्याची टोपी काळी ठिक्कर पडून तडकली होती. त्यानं नवी बसवली, बोल्ट आवळला, आणि मग ती चार बटणं दाबत सहाच्या सहा ठिकाणी नीट आकडे भरले. अर्धा तासही लागला नाही. जळकी टोपी कागदात गुंडाळून पँटच्या खिशात टाकली. का टाकली, फेकून का दिली नाही, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

आणि मूग गिळून बसला.

शनिवारी तो घरी आला तर बायको म्हणाली, "ताईंचं काहीतरी बिनसलंय हो. सकाळपासून तीनदा खाली आल्या. वरचा गॅस बंद केलाय का बघून ये म्हणाल्या. तिन्ही वेळा बंद होता." टेस्टर वर गेला. ताई स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती, शेगडीकडे तोंड करून. तिच्या हॉस्पिटलच्या साडीला इस्त्री झालेली नव्हती, हे त्यानं जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

"छोट्या, बस," ती म्हणाली. "एक विचारते. मी त्या दिवशी मोजेवालीला पुसलं. शिट्टीचं बटण दाबलं, हे मला आठवतं. मग पुन्हा सोडलं, हेही आठवतं. पण मग वाटतं, सोडलेलं आठवतंय ते बुधवारचं असेल. किंवा पहिल्या वॉर्मरचं. तुला काय वाटतं?"

"तू विसरणार नाहीस," टेस्टर म्हणाला.

"तेच तर मीही म्हणते. पण मशिन काय खोटं बोलतं का? लाईनही ठीक होती, तूच सांगितलंस. मग राहिलं कोण? मीच." तिनं दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "हात सवयीनं जातो रे. माझ्या नकळत जात असेल तर आणि किती वेळा गेला असेल? बावीस वर्षं."

त्याच्या ओठांवर आलं होतं. खिशात ती टोपी होती, मांडीला टोचत होती. तो म्हणाला, "उगीच डोक्याला त्रास करून घेऊ नकोस. झोप लागायची गोळी घे." आणि जिना उतरला. रविवारी तो वर गेलाच नाही. बायकोला म्हणाला, डोकं दुखतंय. ते मात्र खरं होतं.

सोमवारी अकराला तो मोठ्या डॉक्टरांच्या खोलीबाहेरची ट्यूब बदलण्याच्या निमित्तानं स्टुलावर उभा होता. ट्यूब चांगली होती. दार अर्धवट उघडं होतं. आत मोठे डॉक्टर, मॅनेजर आणि समोर खुर्चीच्या टोकावर ताई. डॉक्टर मऊ आवाजात बोलत होते, माणूस आतून बरा. "सिस्टर, पोरगी आता धोक्याबाहेर आहे, ते आधी सांगतो." ताईनं पदर तोंडावर घेतला. स्टुलावर टेस्टरच्याही छातीवरचा दगड उतरला, आणि लगेच, हे सांगायला हवंच, त्याच्या मनात आलं की मग आता न सांगितलं तरी चालेल.

तेवढ्यात ताई बोलली. "लिहून घ्या साहेब. बटण मीच दाबलं आणि सोडायला विसरले. आधी मला खात्री नव्हती, पण तीन दिवस आठवून आठवून आता मला स्पष्ट दिसतंय. मीच दाबलं. मला बाळांजवळ ठेवू नका. फायलींच्या खोलीत टाका."

मॅनेजरांनी पेन उघडलं.

दिसतंय म्हणाली ती. जे झालंच नाही ते तिला दिसायला लागलं होतं. टेस्टर स्टुलावरून उतरला, उतरला कसला, पडलाच जवळजवळ, आणि आत गेला. खिशातून कागद काढून टेबलावर उलगडला. काळी टोपी घरंगळत डॉक्टरांच्या पुढ्यात गेली.

"तिनं काही दाबलं नाही," तो म्हणाला. "न्यूट्रल सुटली होती. निळी फेज दोनशे एक्याण्णववर गेली, वॉर्मर त्यानं जळला. मीटरमध्ये तारीख-वेळेसकट आहे, चला, दाखवतो. मीटर वाजायला हवा होता. मी त्याला तिन्हींच्या सरासरीवर लावला होता, म्हणून वाजला नाही. ते कुणी केलं हेही मीटरमध्ये आहे. पासवर्ड फक्त माझ्याकडे आहे."

मग डॉक्टरांनी विचारलं, "का केलंस असं?"

इथे त्यानं नुसतं 'आळस केला' म्हटलं असतं तर पुढचं सगळं कदाचित वेगळं झालं असतं. पण घाबरलेला माणूस. तो म्हणाला, "सगळेच मागे लागले होते. ताई पण म्हणाली होती, भोंगा गप्प कर म्हणून."

ताईनं मान वर केली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिची नजर कुठेतरी स्थिर झाली होती.

"मी गप्प कर म्हणाले होते," ती म्हणाली. "आंधळा कर नव्हते म्हणाले."

मग तिनं आणखी एकच विचारलं. "तुला कधी कळलं?"

"शुक्रवारी."

"सकाळी की संध्याकाळी?"

"सकाळी. दहाच्या सुमाराला."

ती बोटांवर मोजत होती, अगदी लहान मुलीसारखी. शुक्रवार, शनिवार, रविवार. "म्हणजे शनिवारी मी तुला विचारलं, तुला काय वाटतं म्हणून. तेव्हा तुला माहीत होतं."

ताई उठली, डॉक्टरांना म्हणाली, "मी वॉर्डात जाऊ का?" आणि ते हो म्हणायच्या आत निघून गेली.

टेस्टरला महिनाभर घरी बसवलं आणि नोकरी शाबूत ठेवली. पोर वाचली म्हणून, आणि मॅनेजरांनाही आपलं ते घड्याळ बघत दारात उभं राहणं आठवलं असावं म्हणून. तो परत कामावर आला तेव्हा मोजेवाली दाखवायला आली होती. गाल भरले होते, मोजे आता फक्त घोट्याच्या वर येत होते. तिच्या आईनं ताईच्या पायांना हात लावला. ताई हसली. सगळं पहिल्यासारखं झालं, असं वॉर्डातले लोक म्हणत होते.

मीटरही आता शहाण्यासारखा वागत होता. तिन्ही फेजचं वेगवेगळं, तीन सेकंद थांबून. लिफ्टला वाजत नव्हता. मागच्याच आठवड्यात पिवळी खरोखर दबली तेव्हा वाजला आणि सगळे वेळेवर धावले. टेस्टरनं ते ताईला सांगितलं. ती बरं म्हणाली. ती त्याच्याशी बोलत होती, तसं नाही. भाजी संपली, जिन्यातला दिवा गेलाय, बायकोला बरं आहे का, सगळं बोलत होती. फक्त छोट्या म्हणत नव्हती.

एके दिवशी दोघांची सुट्टी एकदम झाली. संध्याकाळचे सहा, पॅसेजमध्ये अजून ऊन होतं. ताई पर्स घेऊन जिन्यापर्यंत आली आणि थांबली. परत वॉर्डात गेली. दारातून टेस्टरला दिसत होतं. पहिल्या वॉर्मरवर हात धरला, ऊब पाहिली, बटण पाहिलं. दुसरा. तिसरा. चौथा. पुन्हा जिन्यापर्यंत आली. पुन्हा थांबली. पुन्हा गेली. रात्रपाळीची नवी सिस्टर तोंड फिरवून हसली, मग ताईचा चेहरा पाहून तिनं हसू गिळलं.

तिसऱ्यांदा ती जिन्याशी आली, तेव्हा टेस्टरला राहवलं नाही. "ताई, मी बघितलं. चारही चालू आहेत. शिट्ट्याही चालू आहेत. चल आता."

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. रागावलेली नव्हती ती. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि पॅसेज पुसणाऱ्या मावशींना हाक मारली.

"मावशी, जरा आत जाऊन बघता का? चारही चालू आहेत ना, तेवढं मला सांगा."

मावशींनी फडकं बादलीत टाकलं, हात पुसले आणि आत गेल्या. भाऊ आणि बहीण जिन्याच्या तोंडाशी, दोन पायऱ्यांचं अंतर ठेवून, त्या परत यायची वाट बघत उभे राहिले.